‘काही नाही, बरा आहे’: केमो चालू असलेल्या किशोरवयीन मुलाला घरी कसं सांभाळायचं

हॉस्पिटलातून घरी सोडताना औषधांची पिशवी मिळते, फाइल मिळते, पुढची तारीख मिळते. पुढचे पंधरा-वीस दिवस घरात काय करायचं आणि कुठल्या क्रमाने, हे मात्र गर्दीत उभ्या-उभ्या सांगितलं जातं आणि त्यातलं निम्मं कानावरून जातं. माझ्या मुलाला पंधराव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा आमचंही तसंच झालं. त्यानंतर ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर इथले आईवडील मला फोन करू लागले. चुका त्याच त्या असतात. ताप मोजायच्या आधी गोळी दिलेली असते, दुखतंय का हे पाहुण्यांसमोर विचारलेलं असतं, आजाराचं नाव मुलापासून लपवलेलं असतं. म्हणून क्रम लावून लिहिते आहे.

हे साधारण १३ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. पाच वर्षांच्या मुलाला दुखलं की ते रडतं. पंधरा वर्षांचा मुलगा आधी आईचा चेहरा बघतो, वडिलांच्या हातातलं बिल बघतो आणि म्हणतो, “काही नाही, बरा आहे.” खाली जे काही आहे ते या एका वाक्याच्या मागे जाण्यासाठी आहे. औषधाचं नाव आणि डोस मात्र तुमच्या डॉक्टरांचाच, त्यात माझं किंवा आणखी कोणाचं ऐकू नका.

१. पहिल्या केमोच्या आधी आणि घरी यायच्या आधी

सगळ्यात आधी तो प्रश्न, जो आईवडील लाजेपोटी विचारत नाहीत: पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर या उपचाराचा परिणाम होईल का? काही केमो औषधांनी आणि काही प्रकारच्या रेडिएशनने तो होतो. वयात आलेल्या मुलाचं वीर्य गोठवून ठेवता येतं, पण पहिला डोस जायच्या आधी. मुलींसाठीचे पर्याय जास्त वेळ घेतात आणि दर वेळी तेवढी सवड नसते, तरी डॉक्टरांना विचारायचंच. मुलाशी हे वडिलांनी किंवा डॉक्टरांनी एकट्यात, साध्या शब्दांत बोलावं. ‘आत्ता जीव वाचू दे, हे नंतर बघू’ असं आपण म्हणतो, पण हे नंतर बघता येत नाही.

मग एक जाड वही घ्या. पहिल्या पानावर पुढच्या प्रश्नांची उत्तरं डिस्चार्जच्या आधी नर्सकडून किंवा निवासी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

१) कुठल्या औषधांचा डोस झाला? कुठल्या तारखेला?
२) काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, साधारण कुठल्या दिवसांत पडतील? बऱ्याच औषधांत ते ७व्या ते १४व्या दिवसाच्या आसपास सगळ्यात खाली असतात. ते दिवस कॅलेंडरवर लाल पेनने रंगवा.
३) किती तापाला यायचं? रात्री दोन वाजता आलो तर कुठल्या दाराने?
४) दुखलं तर कुठली गोळी, किती वेळाने, आणि त्याने थांबलं नाही तर पुढे काय?
५) रात्री उचलला जाईल असा फोन नंबर कुठला?

घरातल्या तयारीत दोन डिजिटल थर्मामीटर ठेवा, कारण एकाचा सेल नेमका त्याच रात्री संपतो. मऊ ब्रश आणि औषधांचा कुलूप लागणारा डबा हवा. उलटीसाठी झाकणाचं भांडं खाटेजवळ असू द्या. हात धुवायचा साबण दारातच ठेवा, म्हणजे येणारा आधी तिथे थांबेल.

मग रस्ता. ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांनी परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलला किंवा खारघरला पोहोचायला दुपारी किती वेळ लागतो हे माहीत आहे म्हणून निश्चिंत राहू नये. संध्याकाळी सातला तोच रस्ता दुप्पट वेळ खातो. म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा: “वाहतूक अडकली तर जवळच्या कुठल्या रुग्णालयात पहिला अँटिबायोटिकचा डोस घ्यायचा? तसं पत्र द्याल का?” ते पत्र फाइलच्या सगळ्यात वर लावा. शेजारी ज्यांच्याकडे गाडी आहे अशा दोघांना आधी सांगून ठेवा. १०८ची रुग्णवाहिका हाही एक मार्ग आहे.

काउंट बरे असताना ओपीडीला लोकलने जायचं असेल, तर हॉस्पिटलचं प्रमाणपत्र दाखवून दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो. खारघरच्या ॲक्ट्रेकला, म्हणजे टाटा मेमोरियलच्या तिथल्या केंद्राला, ठाण्याहून जाणाऱ्यांना पनवेल लोकल सोयीची पडते, खारघर स्टेशनवरून पुढे रिक्षा. लाल दिवसांत मात्र लोकल नको.

तपासा: वहीचं पहिलं पान भरलं का? पत्र वर लावलं का? हे झाल्याशिवाय वॉर्ड सोडू नका, नर्स घाईत असली तरी थांबा.

२. आजाराचं नाव मुलाला सांगणं

ही पायरी केस गळायच्या आधीची आहे. बहुतेक घरांत ती नंतर येते किंवा येतच नाही. आम्हीही पहिले बारा दिवस ‘रक्तात इन्फेक्शन आहे’ असं सांगितलं. फाइलवरचं औषधाचं नाव त्याने मोबाइलवर शोधलं होतं आणि तिसऱ्या दिवशीच त्याला सगळं कळलं होतं. उरलेले नऊ दिवस तो एकटाच ते घेऊन बसला होता, कारण ‘आईला वाटतंय मला माहीत नाही’. त्या नऊ दिवसांचं मला आजही वाईट वाटतं.

१) घरात दोन-तीन माणसंच असताना बसा. आजी, काका, शेजारी नकोत. मुलगी असेल आणि तिला वडिलांसमोर संकोच वाटत असेल तर तिचं ऐका.
२) आधी विचारा, “तुला काय वाटतंय, काय झालंय?” त्याला किती माहीत आहे ते कळल्याशिवाय सांगायला सुरुवात करू नका.
३) नाव घ्या. ‘कॅन्सर’ हा शब्द एकदा तरी तुमच्या तोंडून ऐकू द्या. कुठला, कुठे, आणि त्यावर उपचार काय, एवढं पुरे.
४) शरीराला काय काय होईल ते आधी सांगा: केस जातील, तोंड येईल, थकवा येईल. आधी कळलेल्या त्रासाला मूल जास्त धीराने तोंड देतं.
५) दोन गोष्टी न विचारता सांगा. हे तुझ्या कुठल्याही चुकीमुळे झालेलं नाही, आणि ते तुझ्यापासून कोणाला लागत नाही. ही मुलं मनात कारणं शोधत असतात: चोरून खाल्लेलं काहीतरी, वर्गातलं भांडण, एखादी सिगरेट.

मग बहुधा प्रश्न येतो: “मी मरेन का?” त्यावर ‘असं अभद्र बोलू नकोस’ म्हटलं की तो प्रश्न परत कधीही तुमच्याकडे येत नाही. डॉक्टर आजार बरा करण्यासाठी उपचार करत असतील तर तसंच सांगा, आणि पुढे म्हणा, “पुढे काय होईल ते मलाही पूर्ण माहीत नाही. पण मला जे कळेल ते तुझ्यापासून लपवणार नाही.” हे म्हणाल तर पाळा. त्यानंतर डॉक्टरांना भेटताना त्याला बाहेर बसवू नका.

सावध: ‘तुला काही होणार नाही’ असं वचन देऊ नका. रिपोर्ट बिघडला की मुलाचा तुमच्यावरचा विश्वास जातो, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या विश्वासावर चालतात.

३. दुखणं विचारायची पद्धत

या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण मुलं इथेच सगळ्यात जास्त सोसतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

‘दुखतंय का?’ हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. त्याऐवजी दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, दार लोटून, एकट्याने पुढचे प्रश्न विचारा. सकाळी तोंड धुतल्यावर आणि रात्री झोपायच्या आधी ही वेळ बरी पडते.

१) “आत्ता किती आहे, शून्य ते दहा?” शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आजवरचं सगळ्यात वाईट. मुलाला बोलायचं नसेल तर बोटांनी दाखवू दे, मेसेज करू दे. एका घरात मुलगी रोज रात्री आईला फक्त आकडा पाठवायची, तेवढं पुरत होतं.
२) “कुठे?” बोट ठेवून.
३) “कसं?” ठणकतं, टोचतं, आग होते, मुंग्या येतात, पिळवटतं. मराठीत दुखण्याला भरपूर शब्द आहेत, आणि डॉक्टरला त्या शब्दावरूनच कळतं की दुखणं हाडाचं आहे, नसेचं की पोटाचं.
४) “काय करता येत नाही?” जिना, झोप, गिळणं, मोबाइल धरणं. आकडा लपवता येतो, न चढलेला जिना लपत नाही.
५) गोळी दिल्यावर तासाभराने परत आकडा विचारा आणि वहीत शेजारी लिहा.

काही दुखणी आधीच माहीत असली की घाबरायला होत नाही. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधानंतर जबडा दुखतो, पायाला मुंग्या येतात, बद्धकोष्ठ होतं. चालताना चप्पल पायातून निसटायला लागली किंवा पाऊल घासलं जाऊ लागलं तर पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना सांगायचंच. काउंट वाढवायच्या सुईनंतर कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, ती सुई काम करत असल्याचीच खूण असते. पाठीतल्या सुईनंतर डोकं दुखतं आणि बसलं की वाढतं, आडवं पडलं की उतरतं. हाडाच्या कर्करोगात पाय काढावा लागला तर नसलेल्या पायाची बोटं दुखतात. हे दुखणं खरं असतं. ‘आता पायच नाही तर दुखेल कसं’ असं घरातल्या कोणीही त्या मुलाला म्हणू नये. त्यावर वेगळी औषधं आहेत, ती मागून घ्या.

दुखण्याची गोळी ‘अगदीच सहन होईना तेव्हा’ द्यायची नसते. डॉक्टरांनी सहा तासांनी लिहिली असेल तर दुखो न दुखो, सहा तासांनीच द्या. चढलेलं दुखणं उतरवायला जास्त औषध लागतं.

आणि मॉर्फिन. हे नाव ऐकलं की घरात शांतता पसरते: सवय लागेल, की शेवट जवळ आला? दोन्ही चूक. डॉक्टरांच्या देखरेखीत कर्करोगाच्या दुखण्यावर दिलेलं मॉर्फिन हे औषध आहे, आणि तोंड आल्यामुळे पाणी गिळता न येणाऱ्या, पूर्ण बरं होण्याची आशा असलेल्या मुलालाही ते देतात. ते रुग्णांना सहज मिळावं म्हणूनच २०१४ मध्ये अंमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, ती कमी होते. बद्धकोष्ठ मात्र राहतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत चालतं का ते विचारा. मनाने एकदम बंद करू नका. मूल हलवूनही नीट जागं होत नसेल किंवा श्वास फार संथ वाटला तर तडक हॉस्पिटल.

सावध: ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम, डिस्प्रिन, ॲस्पिरिन यांतलं काहीही न विचारता देऊ नका. प्लेटलेट कमी असताना त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. मेडिकलवाल्याला ‘केमो चालू आहे’ हे सांगितल्याशिवाय काही घेऊ नका.

४. ताप: इथे क्रम चुकला तर जीवावर बेततं

केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल ५००च्या खाली गेल्या की साधा संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. पू होत नाही, सूज येत नाही, कारण ती करणाऱ्या पेशीच नसतात. ताप ही अनेकदा एकच खूण असते.

१) अंग गरम वाटलं, थंडी वाजली, मूल मलूल दिसलं की आधी मोजा. गोळी नंतर.
२) चहा किंवा गार पाणी प्यायलं असेल तर तोंडात मोजायच्या आधी वीस मिनिटं थांबा. तोंड आलेलं असेल तर काखेत. काखेतला आकडा थोडा कमी येतो हे लक्षात ठेवा. गुदद्वारात थर्मामीटर, एनिमा, सपोझिटरी काहीही नको.
३) आकडा आणि वेळ वहीत.
४) १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा तुमच्या हॉस्पिटलने सांगितलेला आकडा आला की फोन करा आणि निघा. फोन लागला नाही तरी निघा.
५) दारात पोहोचताच पहिलं वाक्य हे: “केमो चालू आहे, इतकावा दिवस आहे, इतका ताप आहे.” रांगेत उभे राहू नका. पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं असा नियम आहे, तो नम्रपणे पण परत परत आठवण करून द्या.

माझी चूक सांगते. रात्री साडेअकराला त्याचं अंग तापलेलं होतं. मी पॅरासिटामॉल दिली, ताप उतरला, मला बरं वाटलं. पहाटे पाचला त्याचे हात बर्फासारखे गार होते. पुढे सहा दिवस आयसीयू. गोळीने आकडा खाली आला होता, आतला जंतू तसाच होता.

पावसाळ्यात ‘व्हायरल चालू आहे’, ‘डासांमुळे असेल’ असं म्हणत थांबणारी घरं मी पाहिली आहेत. केमो चालू असलेल्या मुलाचा कुठलाही ताप संसर्ग समजूनच निघायचं, डेंगी आहे की काय हे तिथे बघतील.

सावध: स्टेरॉइड चालू असताना ताप न येताही संसर्ग असू शकतो. मूल गळून गेलं, गार पडलं, बरळायला लागलं, लघवी कमी झाली तर थर्मामीटर ९८ दाखवत असला तरी निघा. पोर्ट किंवा पिक लाइन, म्हणजे औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी, धुतल्यावर तासाभरात हुडहुडी भरली तरीही.

वर्गमित्राला किंवा शेजारच्या मुलाला कांजिण्या निघाल्या आणि आपलं मूल त्याच्याजवळ बसलं होतं, तर पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. वाचवणारी औषधं पहिल्या काही दिवसांतच देता येतात.

५. तोंड, पोट, लघवी, पाळी

तोंड: पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा. दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरायची, गिळायची नाही. तोंड यायच्या आधीपासून सुरू करा, आल्यावर नव्हे. बाजारातली झणझणीत माउथवॉश नको.

खाणं: ताजं, घरचं, नीट शिजवलेलं. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं, सालीची फळं सोलून. पाणी उकळलेलं. बाहेरची चटणी, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं, उसाचा रस लाल दिवसांत पूर्ण बंद. स्टेरॉइडच्या दिवसांत मुलं रात्री दोनला उठून मामलेदारची मिसळ मागतात. ती भूक औषधाची असते, त्यावरून बोलू नका. घरी कमी तिखटाची करून द्या.

गुळवेल, पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, कुठल्याशा गावची पुडी. देणाऱ्याचं प्रेम खरं असतं, तरी केमोसोबत नको. यकृतावर आधीच ताण असतो, आणि गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनीच २०२१ मध्ये नोंदवले आहेत. आजीने आणलेलं तीर्थ प्यायला नको, कपाळाला लावा. आजी नाराज होत नाही, तिला कारण सांगितलं की.

पोट: दोन दिवस शौचाला झालं नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. ही गोष्ट मुलं स्वतःहून सांगत नाहीत, वहीत रोज एक खूण करायला सांगा.

लघवी: लाल रंगाच्या डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, तो औषधाचा रंग असतो. पण सायक्लोफॉस्फमाइड किंवा इफॉस्फमाइडनंतर जळजळ होऊन लाल लघवी झाली तर ते रक्त असू शकतं, लगेच कळवा. या औषधांच्या दिवसांत भरपूर पाणी आणि रात्रीही उठून लघवी.

पाळी: मुलीच्या आईने हे पहिल्या आठवड्यातच बोलून घ्यावं. प्लेटलेट कमी असताना पाळीत रक्त फार जाऊ शकतं. पॅड मोजा. एक-दोन तासांत पॅड भिजत असेल तर सकाळ होऊ देऊ नका. पाळी काही काळ थांबवायची औषधं असतात, डॉक्टरांना विचारा. मुली हे पुरुष डॉक्टरांसमोर बोलत नाहीत आणि अंगावर काढतात.

६. आरसा

केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी उशीवर यायला लागतात. आपण घाबरतो आणि रात्री उशी झटकून ठेवतो. त्याऐवजी केस गळायच्या आधी विचारा: “आधीच बारीक कापायचे का? कुठल्या दिवशी? कोण असावं?” ठरवणारं ते मूल असलं पाहिजे. जे काही हातातून जातंय त्यातलं एवढं तरी त्याच्या हाती राहू दे. मुलीच्या लांब केसांची वेणी कापून ठेवायची की नाही, हेही तिलाच विचारा. ओढणी, टोपी, विग, की उघडं डोकं, यातलं काहीही चालतं.

स्टेरॉइडने चेहरा गोल होतो, मुरुमं येतात, पोटावर वळ उमटतात. ‘किती छान बाळसं धरलंय’ असं पाहुणे म्हणतात. त्यांना दारातच सांगा, चेहऱ्याबद्दल, केसांबद्दल, वजनाबद्दल काहीही बोलायचं नाही. ओळखीच्या माणसाने न ओळखता पुढे निघून जाणं ही या वयात केवढी जखम असते, ते माझ्या मुलाने मला दोन वर्षांनी सांगितलं.

त्याचे जुने फोटो भिंतीवरून काढू नका आणि नवे विचारल्याशिवाय काढू नका. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टकलातला फोटो ‘प्रार्थना करा’ म्हणून पाठवणं थांबवा. तो फोटो फिरत फिरत वर्गात पोहोचतो.

७. बंद दार, मित्र, शाळा

तेरा-चौदाव्या वर्षी मूल नुकतंच स्वतःचं अंघोळपाणी, स्वतःचं दार मिळवत असतं. आजार ते सगळं काढून घेतो: आई पुन्हा अंघोळ घालते, परकी माणसं कपडे बाजूला करून तपासतात. म्हणून अंघोळ स्वतः करता येत असेल तर स्टूल देऊन बाहेर थांबा, फक्त कडी नको. तपासणीच्या वेळी ‘पडदा ओढा’ असं तुम्ही म्हणा, त्याला म्हणावं लागू नये. वन रूम किचनमध्ये वेगळी खोली नसते. तिथे चादर बांधून कोपरा केला तरी चालतो, दिवसातून तासभर त्या कोपऱ्यात कोणी जायचं नाही.

मित्रांना काय बोलावं कळत नाही, म्हणून ते येत नाहीत, आणि मुलाला वाटतं आपण नकोसे झालो. एका मित्राच्या आईला फोन करा. सर्दी-खोकला नसलेला एकच मित्र, अर्धा तास, मास्क लावून, काउंट बरे असताना. नाहीतर व्हिडिओ कॉल. बाहेर जायचं तर सकाळी लवकर, तलावपाळीला किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कात, गर्दी व्हायच्या आत.

शाळेत पहिल्या महिन्यातच हॉस्पिटलचं पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. दहावी-बारावीची मुलं वर्ष जाण्याच्या भीतीने आजाराइतकीच खचतात. हजेरीची सवलत, हात थरथरत असेल तर लेखनिक, हे शाळेमार्फत लेखी मागा. मंडळाचं मुंबई विभागाचं कार्यालय वाशीला आहे, तिथे जाऊन विचारायला लाजू नका. पुरवणी परीक्षा असते, बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. वर्ष गेलं तर गेलं, हे तुम्ही म्हणू नका. त्याच्या तोंडून येऊ दे.

घरातलं दुसरं मूल विसरलं जातं. त्यालाही आजाराचं नाव सांगा, आणि रोज दहा मिनिटं फक्त त्याची ठेवा.

८. रडू, राग, आणि त्यापुढचं

स्टेरॉइडच्या दिवसांत मूल दारं आपटतं, शिव्या देतं, मग रात्री रडतं. वहीत डोसच्या तारखांशेजारी मूडही लिहा. दोन फेऱ्यांत त्याची लय कळते, आणि ‘हे औषध बोलतंय’ हे मुलालाही सांगता येतं. त्याला फार बरं वाटतं ते ऐकून. आपण वेडे होत चाललो नाही, हे त्याला समजतं.

पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली, आवडीचं काहीही नको, मित्राचा फोन घेत नाही, ‘तुमचे पैसे वाया चाललेत’ असं बोलतो, तर हे औषधाचं नाही. हॉस्पिटलच्या समुपदेशकांची वेळ घ्या आणि मुलाला त्यांच्याशी एकट्याने बोलू द्या, नंतर ‘काय बोललास’ विचारू नका.

मरण्याचं बोलला तर विषय बदलू नका. सरळ विचारा, “स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असलेला बाहेर येतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, औषधांचा डबा कुलपात, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आईवडिलांनी स्वतःसाठीही तो लावावा.

९. लपवलेल्या गोळ्या

रक्ताच्या कर्करोगात घरी घ्यायच्या गोळ्या महिनोन् महिने, कधी दोन वर्षांपर्यंत चालतात. मूल बरं दिसायला लागतं, शाळेत जातं, आणि गोळी उशीखाली जाते. गोळी घेतली की आजारी असल्याची आठवण होते, म्हणून. अभ्यासांत असं दिसलं आहे की शंभरातल्या पाचपेक्षा जास्त गोळ्या चुकल्या तरी आजार उलटण्याचा धोका वाढतो.

ओरडून हे सुटत नाही. रोज एकच वेळ, रात्रीच्या जेवणानंतर. गोळी मुलाने स्वतः काढायची, तुम्ही समोर बसायचं, दोघांनी वहीत सही करायची. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका, फोन करून विचारा. आणि चुकल्याचं त्याने स्वतःहून सांगितलं तर त्या दिवशी एक शब्दही बोलू नका, नाहीतर पुढची चुकलेली गोळी तुम्हाला कळणार नाही.

१०. रिपोर्टच्या आधीचे दिवस, आणि वेदनाशामक विभाग

स्कॅन किंवा बोन मॅरोच्या, म्हणजे हाडातल्या मगजाच्या, तपासणीआधी तीन-चार दिवस घर गप्प होतं. मूल ते ओळखतं. रिपोर्ट कोण आणणार, कुठे उघडणार, त्याला तिथेच ऐकायचं आहे की नंतर, हे आधी त्याला विचारून ठरवा.

हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह केअर नावाचा विभाग असतो. तिकडे पाठवलं की ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असं लोक समजतात आणि चिठ्ठी खिशात ठेवून घरी येतात. दुखणं, उलट्या, झोप, भीती यांवर काम करणारी ती माणसं आहेत, आणि केमो चालू असतानाही ती मदत करतात. वहीत सलग तीन दिवस आकडा पाचाच्या वर दिसला तर तुम्हीच ती चिठ्ठी मागा.

उपचार लागू पडत नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी दुसऱ्या पायरीवर दिलेला शब्द पाळायचा असतो. किती सांगायचं, किती दिवसांत, हे समुपदेशकासोबत बसून ठरवा. मुलाला पुढचे दिवस कुठे राहायचं आहे, घरी की वॉर्डात, कोणाला भेटायचं आहे, कोणाला नाही, हे विचारा. विचारणं फार अवघड आहे. पण या वयाच्या मुलांची उत्तरं तयार असतात, कोणी तरी विचारावं म्हणून ती थांबलेली असतात.

आमची वही अजून कपाटात आहे. शेवटच्या भरलेल्या पानावर सकाळचा आकडा शून्य आहे, रात्रीचाही शून्य. त्याखाली त्याने बारीक अक्षरात लिहिलंय: ‘आज खरंच काही नाही.’